नेत्यांसाठी विमान निवडायचं तर मे महिन्यातली दुपार धरून निवडा

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्य भाऊंचा आहे. त्यांच्या गावात पारावर वाद झाला. राज्य सरकारला मुख्यमंत्री आणि मंत्र्यांच्या प्रवासासाठी नवं विमान घ्यायचं झालं तर कोणतं घ्यावं? एकाचं म्हणणं, राज्य एवढं मोठं, तर मोठं जेटच पाहिजे. दुसऱ्याचं म्हणणं, आपल्याकडे जेट उतरेल कुठं, हेलिकॉप्टर घ्या. तिसरा म्हणाला, समृद्धी महामार्ग झाला ना आता, मग विमान पाहिजेच कशाला? ही निवड प्रत्यक्षात कशी होते आणि कशी व्हायला पाहिजे, असं भाऊंनी विचारलं आहे.

मी विमान देखभाल अभियंता. नोकरीची बहुतेक वर्षं टर्बोप्रॉप (म्हणजे पुढे फिरणाऱ्या पंख्याची विमानं) आणि छोट्या जेटच्या इंजिनांपाशी गेली. पुढे खरेदीच्या तांत्रिक समित्यांवरही बसलो. आता यवतमाळ जिल्ह्यात गावीच राहतो.

भाऊ, उत्तर आधीच सांगतो, कारणं मागून. माहितीपत्रकातले आकडे बघून विमान घेऊ नये. ज्या दिवशी सगळंच विरुद्ध जाईल असा दिवस डोळ्यांपुढे धरावा: मे महिन्यातली दुपार, नेहमीच्या ठिकाणांपैकी सर्वांत आखूड धावपट्टी, माणसं आणि इंधन भरलेलं विमान, आणि ऐन उड्डाणाच्या क्षणी एक इंजिन बंद. त्या दिवशी जे विमान सुखरूप उठेल ते घ्यावं. आणि त्या विमानासोबत वैमानिकाला ‘आज जाता येणार नाही’ म्हणायचा अधिकार लेखी द्यावा. हा अधिकार नसेल तर यंत्र कितीही चांगलं असो, माणूस सुरक्षित नाही.

आता विमान जाणार कुठं ते पाहू. आपल्या विदर्भात ११ जिल्हे. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटरची, तिथं काहीही उतरतं. गोंदियाजवळच्या बिरसीची सव्वादोन किलोमीटरच्या वर आहे. अमरावतीची बेलोरा धावपट्टी वाढवून १,८५० मीटर केली, आणि १६ एप्रिल २०२५ला तिथून मुंबईची एटीआर या पंख्याच्या प्रवासी विमानाची सेवा सुरू झाली. अकोल्याची शिवणी १,४०० मीटरच्या आसपास, तिच्या विस्ताराचं घोडं बरीच वर्षं जमिनीपाशी अडलं होतं. चंद्रपूरजवळची मोरवा त्याहून आखूड. आपल्या यवतमाळची धावपट्टी २००९ मध्ये लातूर, नांदेड, बारामती आणि धाराशिवच्या धावपट्ट्यांसोबत खासगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं गेली आणि पुढे काय झालं ते तुम्ही रोज पाहताच. गडचिरोली, भंडारा, वर्धा, वाशिम, बुलढाणा इथं नियमित वापरातली धावपट्टीच नाही. म्हणजे नागपूर आणि गोंदिया सोडले तर विदर्भात मंत्र्यांचं विमान एक तर आखूड धावपट्टीवर उतरणार, नाहीतर उतरणारच नाही. खरेदीचा कागद इथून सुरू व्हायला पाहिजे.

धावपट्टीची लांबी मीटरमध्ये मोजतात, पण विमानाला ती हवेत मोजावी लागते. हे नीट समजून घ्या, कारण सगळी निवड यावरच फिरते. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, ‘उड्डाणासाठी लागणारं अंतर १,०८५ मीटर’. हा आकडा सेसना सायटेशन एक्सएलएस प्लस या मध्यम जेटचा आहे. तो आहे समुद्रसपाटीवरचा आणि १५ अंश तापमानाचा. आपल्याकडे १५ अंश म्हणजे डिसेंबरातली पहाट. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१५ मीटर, म्हणजे हजारेक फूट उंच. या उंचीला प्रमाण तापमान १३ अंश धरतात. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की फरक झाला ३२ अंशांचा. दर जादा अंशामागे हवा आणखी सुमारे १२० फूट उंचीवरच्या हवेसारखी वागते. त्यात उन्हाळ्यातला कमी दाब मिळवला की नागपुरात जमिनीवर उभं असलेलं विमान हिशेबानं पाच हजार फुटांवर उभं असतं. तिथली हवा प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ.

विरळ हवेत पंखाला तेवढीच उचल मिळवायची तर जास्त पळावं लागतं. वैमानिकासमोरचा वेगदर्शक तोच आकडा दाखवतो, पण चाकं जमिनीवर सुमारे ८ टक्के जास्त वेगानं धावत असतात. उड्डाण रद्द करून थांबायची वेळ आली तर ब्रेकला १६ टक्के जास्त ऊर्जा गिळावी लागते, आणि ती गिळायची असते आधीच तापलेल्या डांबरावर. इंजिनाला मिळणारी हवाही विरळ, म्हणून त्याचा जोर कमी. सगळं एकाच वेळी एकाच बाजूला झुकतं. त्यामुळे कागदावर हजार-अकराशे मीटरमध्ये उठणारं जेट आपल्याकडच्या मेमध्ये शिवणीसारख्या धावपट्टीवरून पूर्ण वजनानं उठवायला मी कोणाला सांगणार नाही. मग एक तर माणसं उतरवा, नाहीतर इंधन कमी करा, नाहीतर संध्याकाळपर्यंत थांबा. मंत्री थांबत नाहीत, सोबतची माणसं उतरत नाहीत, म्हणून इंधनावर कात्री चालते. आणि कमी इंधन म्हणजे पुढं हवामान बिघडलं तर दुसरीकडे वळायची सोय कमी.

उतरण्याचा हिशेबही असाच. जेटनं प्रवासी वाहतूक करताना नियम असा आहे की प्रत्यक्ष लागणारं अंतर धावपट्टीच्या ६० टक्क्यांत बसलं पाहिजे. धावपट्टी ओली असेल तर त्यावर आणखी १५ टक्के. ९०० मीटरमध्ये थांबणारं जेट घ्या: कोरड्या धावपट्टीला १,५०० मीटर पाहिजेत, ओलीला १,७२५. बेलोऱ्याला ते बसतं, शिवणीला बसत नाही. थांबायला हजार मीटर घेणारं जेट असेल तर ओलीला १,९०० च्या वर लागतात, म्हणजे जुलै-ऑगस्टात बेलोराही गेलं. सरकारी विमान व्यावसायिक परवान्याखाली उडत नसलं तर हा गुणाकार काही ठिकाणी बंधनकारक राहत नाही. तरीही तो लावावा. राज्याच्या प्रमुखाला तिकीट काढून बसलेल्या प्रवाशापेक्षा कमी सुरक्षितता देण्याला काय अर्थ?

म्हणून राज्यांतर्गत प्रवासासाठी माझं पहिलं मत दोन इंजिनांच्या टर्बोप्रॉपला. किंग एअर हे त्यातलं सगळ्यांत ओळखीचं कुटुंब. देशातल्या कितीतरी राज्य सरकारांनी वर्षानुवर्षं ते वापरलं. त्याची पीटी-६ जातीची इंजिनं आपल्या अभियंत्यांना तोंडपाठ असतात, आखूड धावपट्टीवर ते आरामात चालतं, आणि उतरल्यावर पंख्याचा कोन उलटा करून जोरानं थांबतं. लोक म्हणतात, पण ते हळू जातं. मुंबई ते नागपूर हवेतून साधारण ७०० किलोमीटर. टर्बोप्रॉपला दीड तास धरा, मध्यम जेटला सव्वा तासाच्या आत-बाहेर. वीसेक मिनिटांचा फरक. मुंबईला सकाळच्या गर्दीत उड्डाणाची वाट पाहण्यात एवढा वेळ तसाच जातो. आणि तेच टर्बोप्रॉप तुम्हाला नागपूरऐवजी थेट अकोल्याला किंवा अमरावतीला उतरवू शकत असेल तर वाचतात ते तास. इंधन मध्यम जेटच्या साधारण निम्मं लागतं, ही वरची गोष्ट.

जेटचा आग्रहच असेल, दिल्लीच्या फेऱ्या जास्त असतील, तर छोट्या जेटमध्येही आखूड धावपट्टीवर चालणारी आहेत. स्वित्झर्लंडचं पिलाटस पीसी-२४ हे दोन इंजिनांचं जेट २०१८ पासून वापरात आहे आणि कच्च्या, खडीच्या धावपट्टीवरसुद्धा उतरायला प्रमाणित आहे. त्याला मागे मालवाहू दार आहे, त्याचा उपयोग पुढे सांगतो. त्याच कंपनीचं पीसी-१२ एका इंजिनाचं. यंत्र उत्तम, विश्वासाचं, पण अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी मी एका इंजिनाला हो म्हणणार नाही. रात्रीच्या वेळी मेळघाटावर किंवा गडचिरोलीच्या जंगलावर असताना खाली उतरायला वावर दिसत नाही.

छोट्या धावपट्टीवर जाणारं विमान निवडताना धावपट्टीची अवस्थाही बघावी. कुंपण तुटलेलं असतं. गवतातून रोही निघतो, रानडुकरं निघतात. विमान उतरायच्या आधी जीप फिरवून जनावरं हाकलावी लागतात, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. डांबर निघालेलं असलं की खडी उडते. खाली लटकणारं इंजिन किंवा जमिनीजवळ फिरणारा पंखा ती खडी खातो आणि पात्यांना खाचा पडतात. किंग एअरमध्ये इंजिनाच्या तोंडाशी एक झडप असते, ती उघडली की जड कण हवेच्या वळणात टिकत नाहीत, बाहेर फेकले जातात. धुळीच्या दिवसांत ती फार कामाची. म्हणून समितीनं कारखाना बघायला परदेशी जाण्याआधी मोरवा, शिवणी आणि यवतमाळला जाऊन धावपट्टीवर पायी चालून यावं. माझा यावर फार जोर असतो. धावपट्टीवर पायी चाललेला माणूस वेगळे प्रश्न विचारतो.

दिशादर्शनाची उपकरणंही इथूनच ठरतात. छोट्या धावपट्ट्यांवर बहुतेक ठिकाणी आयएलएस नसतं, म्हणजे ढगातून खाली आणणारी जमिनीवरची रेडिओ यंत्रणा नसते. पण भारतानं स्वतःची गगन ही उपग्रह-आधारित प्रणाली उभारली आहे आणि एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगडला एका प्रवासी एटीआर विमानानं ती वापरून उतरून दाखवलं. तेव्हा नव्या विमानात गगन वाचू शकणारी यंत्रणा असलीच पाहिजे, आणि आपल्या छोट्या धावपट्ट्यांसाठी तशी उतरण्याची पद्धत आखून घेण्याचा पाठपुरावा राज्यानं करायला पाहिजे. हवामान रडार, डोंगराचा इशारा देणारी यंत्रणा, हवेतली टक्कर टाळणारी यंत्रणा, उड्डाणाची नोंद ठेवणारी पेटी: यातलं एकही ‘ऐच्छिक’ या रकान्यात जाता कामा नये. पैसे वाचवायचे तर चामड्याच्या खुर्च्यांत वाचवा.

आता मोठ्या जेटविषयी. पारावरच्या पहिल्या भाऊंच्या मनात बहुधा पंतप्रधानांचं विमान असेल. २०२० मध्ये राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधानांसाठी दोन बोईंग ७७७-३०० ईआर आली. ती हवाई दलाचे वैमानिक चालवतात, त्यांवर क्षेपणास्त्राला चकवणारी संरक्षण यंत्रणा आहे, आणि ती मध्ये न थांबता अमेरिकेपर्यंत जाऊ शकतात. ते काम वेगळं आहे. देशाच्या प्रमुखाला महासागर ओलांडायचे असतात आणि हवेतून सरकार चालवता यावं लागतं. देशातल्या देशात फिरायला हवाई दलाकडे त्याहून लहान बोईंग आणि एम्ब्रायर विमानं आहेत, खेड्यात जायला एमआय-१७ हेलिकॉप्टरं आहेत. पंतप्रधान २०२४ मध्ये पोहरादेवीला आले तेव्हा ७७७ काही मानोऱ्याच्या माळावर उतरलं नाही. म्हणजे केंद्रानंसुद्धा एका विमानात सगळं बसवायचा प्रयत्न केलेला नाही.

राज्यांपैकी गुजरातनं २०१९ मध्ये बॉम्बार्डियर चॅलेंजर ६५० घेतलं, किंमत १९१ कोटींची. देखणं, मोठ्या पल्ल्याचं विमान आहे. पण महाराष्ट्रासाठी, आणि त्यातही विदर्भ डोळ्यांपुढे ठेवून विचार केला तर असं विमान नागपूरला थांबतं आणि तिथून पुढे दुसरं वाहन लागतंच. हिवाळी अधिवेशनासाठी ते सोयीचं, गडचिरोलीसाठी नाही.

हेलिकॉप्टरवर मात्र थोडं थांबून बोलायला पाहिजे, कारण गावकऱ्यांचा प्रत्यक्ष संबंध त्याच्याशी येतो. सभा ठरते. शाळेचं किंवा बाजार समितीचं मैदान ठरतं. बांधकाम विभाग मुरूम टाकतो, रोलर फिरवतो, चुन्यानं गोल आणि त्यात इंग्रजी एच काढतो. टँकरनं पाणी मारतात. बाजूला कोणाच्या तरी वावरात कुटाराचा ढीग असतो, पऱ्हाटीच्या गंज्या असतात, घरावर टिनपत्रे असतात. पाच-सहा टनांचं हेलिकॉप्टर खाली येताना आपल्या वजनाएवढ्या जोरानं हवा खाली ढकलत असतं. त्या वाऱ्यात ओलं न झालेलं सगळं उडतं. काळ्या मातीची धूळ एकदा उठली की वैमानिकाला शेवटच्या दहा-पंधरा फुटांत जमीन दिसत नाही. टिनपत्रा सुटला आणि वरच्या पात्याला लागला तर पुढे काही सांगायला उरत नाही.

त्यात उन्हाळा. हेलिकॉप्टर जमिनीजवळ तरंगतं तेव्हा त्याला जमिनीचा टेका मिळतो. खाली ढकललेली हवा जमिनीला अडते आणि कमी ताकदीत काम भागतं. पण मैदानाभोवती झाडं, इमारती, तारा असतील तर त्याला सरळ उभं वर उठावं लागतं, तो टेका सुटतो, आणि विरळ हवेत ताकद नेमकी तिथं कमी पडते. २५ मे २०१७ला लातूर जिल्ह्यात निलंग्याला तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं राज्य सरकारचं सिकोर्स्की एस-७६ हेलिकॉप्टर उड्डाण घेताच तारांत अडकून कोसळलं. आतले सगळे वाचले. दोन इंजिनांचं, चांगल्या नावाचं यंत्र होतं ते. तारीख बघा, मे महिन्याची. जागा बघा, वस्तीतलं मैदान. म्हणून हेलिकॉप्टर घेताना विक्रेत्याला एकच तक्ता मागायचा: ४५ अंशांत, हजार-बाराशे फुटांच्या उंचीला, जमिनीच्या टेक्याशिवाय तरंगताना किती वजन चालतं? आणि एक इंजिन गेलं तर मैदानातून सुरक्षित बाहेर पडता येतं की नाही? या प्रश्नावर आठ आसनांच्या हेलिकॉप्टरची चार आसनं उरतात. मग हिशेब आठचा न धरता चारचा धरायचा, आणि सोबत येणाऱ्या पदाधिकाऱ्यांना रस्त्यानं या म्हणून आधीच सांगायचं.

आणखी एक बाब फार बारीक दिसते, पण माणसं तिनं भरकटतात. हेलिपॅडचे अक्षांश-रेखांश. एक माणूस मोबाइलवरून दशांशात आकडा देतो, २०.५. दुसरा तोच अंश-मिनिटांत लिहिताना २० अंश ५० मिनिटं करतो. खरं उत्तर आहे २० अंश ३० मिनिटं. फरक वीस मिनिटांचा, जमिनीवर तो ३७ किलोमीटर होतो. दारव्ह्याची सभा असेल तर हेलिकॉप्टर दुसऱ्याच तालुक्यावर घिरट्या घालतं, इंधन जळतं आणि मग घाई होते. स्थानिक प्रशासनानं आकडा एकाच पद्धतीत द्यावा आणि दोन माणसांनी तो स्वतंत्रपणे तपासावा, एवढं केलं तरी पुरे.

आता वैमानिकाच्या अधिकाराकडे येतो. माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा हा आहे. २ सप्टेंबर २००९ला आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचं बेल ४३० नल्लमलाच्या जंगलात कोसळलं. दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर, पावसाळी हवा. ३० एप्रिल २०११ला अरुणाचलचे मुख्यमंत्री दोरजी खांडू तवांगहून परतताना गेले. त्यांचं यंत्र एका इंजिनाचं होतं. ८ डिसेंबर २०२१ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं एमआय-१७ कोसळलं. चौकशीत निष्कर्ष निघाला की हवामान अचानक बदलून हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि डोंगराला धडकलं. १० एप्रिल २०१०ला पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांचं विमान रशियात स्मोलेन्स्कला दाट धुक्यात उतरताना पडलं, ९६ जण गेले. उतरण्याजोगं हवामान नाही असं नियंत्रण कक्षानं कळवलेलं होतं. विमानात राष्ट्राध्यक्षांसोबत त्यांच्या हवाई दलाचे प्रमुखही होते. एक इंजिन, दोन इंजिनं, तीन इंजिनं, लष्करी, मुलकी, सगळे प्रकार यात आले. ढग आणि धुकं मात्र कायम.

सभेला पन्नास हजार माणसं उन्हात बसलेली असतात. मंडपातून दर पाच मिनिटांनी फोन येतो. मागे बसलेली व्यक्ती एक शब्द बोलत नाही, तरी तिचं तिथं असणं हाच दबाव असतो. वैमानिक बहुतेक वेळा कंत्राटी असतो, दर वर्षी नूतनीकरण. अशा माणसाकडून ‘परत फिरू या’ हे वाक्य सहज निघेल अशी अपेक्षा ठेवणं चूक आहे. ते वाक्य त्याच्या हातात आयतं द्यावं लागतं. किमान दृश्यमानता किती, ढग किती उंचीवर, सूर्यास्तापूर्वी किती वेळ आधी निघायचं, हे आकडे शासन निर्णयात लिहावे. त्याखाली गेलं की निर्णय वैमानिकाचा, आणि त्याला कोणी फोन करायचा नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या उड्डाणांविषयी सूचना आहेतच. राज्यानं स्वतःची मर्यादा त्याहून कडक ठेवावी. परत फिरलेल्या वैमानिकाला खुलासा मागायची प्रथा बंद करावी. विमान खरेदीच्या फाइलमध्येच हे कलम असावं, कारण नंतर ते कोणी लिहीत नाही.

निविदेच्या अटी लिहिताना काय होऊ शकतं ते ऑगस्टा वेस्टलँड प्रकरणानं देशाला दाखवलं. २०१० मध्ये अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी १२ हेलिकॉप्टरांचा करार झाला, जानेवारी २०१४ मध्ये तो रद्द झाला. उंचीची अट ६,००० मीटरवरून ४,५०० मीटरवर आणणं आणि कॅबिनची उंची किमान १.८ मीटर पाहिजे म्हणणं, यावर कॅगनं बोट ठेवलं होतं. एका आकड्यानं काही यंत्रं आत येतात, दुसऱ्या आकड्यानं बाकीची बाहेर जातात. म्हणून प्रत्येक अटीसमोर ती का घातली याचं एक वाक्य लिहिलेलं असलं पाहिजे. ‘१,४०० मीटरची धावपट्टी, कारण अकोला.’ ‘४५ अंश, कारण चंद्रपूर.’ ज्या अटीसमोर असं कारण लिहिता येत नाही ती अट काढून टाकावी.

देखभालीवर तर मी दिवसभर बोलेन, थोडक्यात आवरतो. विमानाची किंमत म्हणजे पहिला हप्ता. त्या जातीच्या विमानाचा परवाना असलेले अभियंते राज्यात किती, सुटा भाग किती दिवसांत येतो, वैमानिकांचा सिम्युलेटरचा सराव कुठं होतो, हे आधी बघावं. जगात मोजकीच असलेली जात घेतली तर एका छोट्या झडपेसाठी विमान महिनाभर उभं राहतं आणि मग घाईघाईत भाड्याचं विमान बोलावलं जातं, ज्याचा वैमानिक त्या धावपट्टीवर पहिल्यांदाच येत असतो. आपल्या नागपूरला विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात विमान देखभालीचे मोठे उद्योग आहेत. राज्याच्या विमानाची देखभाल तिथं होईल अशी जात निवडली तर पैसाही इथं राहील आणि आपली पोरंही शिकतील. विम्याचं कलमही तेवढंच महत्त्वाचं. ६ मे २०२१ला मध्य प्रदेश सरकारचं किंग एअर रेमडेसिविर घेऊन ग्वाल्हेरला उतरताना धावपट्टीवरच्या अडथळा-जाळीला धडकलं आणि निकामी झालं. त्यानंतर विम्यावरून आणि वैमानिकाकडून वसुलीवरून वाद झाला. विमान जुनं नव्हतं, जातही चांगली होती. राज्य मात्र विमानाला मुकलं.

आमच्या क्षेत्रात असा ठोकताळा आहे की वर्षाला दोन-अडीचशे तासांपेक्षा कमी उड्डाण असेल तर स्वतःचं विमान परवडत नाही, भाड्यानं घ्यावं. महाराष्ट्राएवढ्या राज्याचे तास त्याहून जास्त भरतात, म्हणून विकत घेण्याला माझा विरोध नाही. दोन इंजिनांचं एक टर्बोप्रॉप किंवा आखूड धावपट्टीवर चालणारं छोटं जेट, आणि दोन इंजिनांचं एक हेलिकॉप्टर, एवढ्यात राज्याचं काम भागतं. दिल्लीची घाईची फेरी अधूनमधून भाड्याच्या जेटनं करता येते.

आणि एक अट मी प्रत्येक समितीत मांडत आलो. विमानात स्ट्रेचर, ऑक्सिजन आणि डॉक्टरला बसायची जागा तासाभरात लावता आली पाहिजे. पीसी-२४ च्या मालवाहू दाराचा उल्लेख मघाशी केला तो यासाठी. साध्या जिन्याच्या दारातून स्ट्रेचर तिरपं करून न्यावं लागतं आणि पाठीच्या कण्याला मार लागलेल्या रुग्णासाठी ते घातक असतं. नेत्यांचं विमान वर्षातले बहुतेक दिवस उभंच असतं. त्या दिवसांत त्यानं बिरसीहून भाजलेला मजूर नागपूर-मुंबईला नेला, अवयव प्रत्यारोपणासाठी मूत्रपिंड-यकृत वेळेत पोचवलं, तर त्याचं इंधन सत्कारणी लागलं. गडचिरोलीत जखमी जवानांना हेलिकॉप्टरनं नागपूरला आणलं म्हणून जीव वाचले आहेत. सिरोंच्याच्या बाळंतिणीलाही तो हक्क असावा. ही अट निविदेत पहिल्या दिवसापासून लिहिली तर तिचा खर्च फार नाही. विमान घेतल्यावर दार मोठं करता येत नाही.

तिसऱ्या भाऊंच्या समृद्धी महामार्गाचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. वाशिम, वर्धा, बुलढाण्याच्या कितीतरी सभा नागपूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला प्रवासी विमानानं उतरून पुढे रस्त्यानं करता येतात आणि कराव्यात. डिसेंबरच्या धुक्यात, जुलैच्या पावसात तर रस्ताच बरा. पण पूर आला, भामरागडचा संपर्क तुटला, तेव्हा पालकमंत्र्यानं आणि जिल्हाधिकाऱ्यानं तिथं पोचलं पाहिजे, आणि तिथं रस्ता नेत नाही.

भाऊ, तुम्ही ग्रामपंचायतीत आहात म्हणून एक काम तुमच्याकडे. पुढच्या वेळी हेलिपॅडसाठी शाळेचं मैदान मागायला कोणी आलं की मैदानाभोवती अर्ध्या किलोमीटरातल्या सगळ्या तारांचा हाती काढलेला नकाशा त्यांना द्या. अकरा केव्हीची लाइन, मोटारपंपाची सर्व्हिस वायर, केबलवाल्यानं एका झाडावरून दुसऱ्यावर टाकलेली तार, सगळं त्यात आलं पाहिजे. कागदावर नसलेल्या तारा तुम्हालाच माहीत असतात, वैमानिकाला त्या वरून दिसत नाहीत. बाजूचं कुटार आदल्या दिवशी हलवा किंवा ताडपत्रीनं बांधा, टिनपत्र्यांवर दगड ठेवू नका, ते खिळ्यांनी पक्के करा. पोरांना दोरीच्या मागे ठेवा, आणि मागच्या पंख्याच्या बाजूला तर एकही माणूस उभा राहू देऊ नका.